डोंगराआडची संध्याकाळ

मुंबई दूरदर्शन केंद्राचा दिवस संध्याकाळी उजाडत असे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून प्रक्षेपण सुरू झाले. दिल्लीनंतरचे हे देशातले दुसरे केंद्र. पुढची सुमारे दहा वर्षे या केंद्राचा कार्यक्रम म्हणजे, शालेय पाठ सोडले तर, दिवेलागणीपासून निजानीज होईपर्यंतचे काही तास. एवढ्या वेळात शेतकरी, कामगार, मुले, गृहिणी, नाटकवेडे, सिनेमावेडे, गुजराती भाषक आणि इंग्रजी जाणणारे अशा सगळ्यांची सोय लावायची होती. ती कशी लावली गेली आणि सावित्रीच्या खोऱ्यातल्या महाड-पोलादपूरपर्यंत ती संध्याकाळ कधी आणि कोणत्या वाटेने पोचली, हा या प्रस्तावनेचा विषय आहे.

सार्वजनिक चित्रवाणीचा दिवस कसा आखावा याचा पहिला धडा ब्रिटनने घालून दिला. बीबीसीने २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित सेवा सुरू केली. महायुद्धाच्या तोंडावर, १ सप्टेंबर १९३९ रोजी, ती बंद झाली आणि ७ जून १९४६ रोजी पुन्हा चालू झाली. १९५०च्या आसपासचा तिथला दिवस तुटक असे. दुपारी घरच्या बायकांसाठी थोडे काही, पाचच्या सुमारास मुलांचा कार्यक्रम, मग सहा ते सात पडदा बंद. मुलांना जेवू घालून निजवता यावे म्हणून हा तास कोरा ठेवलेला होता आणि फेब्रुवारी १९५७ पर्यंत तो तसाच राहिला. रात्री नाटक, संगीत, माहितीपट, आणि शेवटी राष्ट्रगीत. दोन कार्यक्रमांमध्ये वेळ उरला की छोट्या चित्रफिती दाखवत. त्यातली कुंभाराच्या चाकाची फीत फार गाजली. तिच्यातले मडके कधीच पुरे होत नसे, पण प्रेक्षकांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

हे सारे काटकसरीतून आले होते. कार्यक्रमांचे तास सरकारी परवानगीने ठरत, बरेचसे कार्यक्रम थेट सादर होत आणि प्रक्षेपणाचे मनोरे एकेक करून उभे राहत होते. लंडनबाहेरचा पहिला मोठा मनोरा बर्मिंगहॅमजवळ सटन कोल्डफील्डला डिसेंबर १९४९ मध्ये लागला. उत्तर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स यांची पाळी १९५१-५२ मध्ये आली. त्यामुळे २ जून १९५३ रोजी दुसऱ्या एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक दोन कोटींहून अधिक लोक पाहू शकले. वेल्सच्या अरुंद खोऱ्यांतल्या पुष्कळ घरांना मात्र मोठा मनोरा उभा राहूनही चित्र मिळेना. तिथे डोंगरमाथ्यावर अँटेना उभारून तारेने घरोघरी चित्र पोचवण्याचा धंदा उभा राहिला आणि मागाहून छोटी पुनःक्षेपण केंद्रे आली. महाड-पोलादपूरच्या संदर्भात ब्रिटनमधला हा तपशील राज्याभिषेकापेक्षा जास्त कामाचा आहे.

भारतात चित्रवाणीचे प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले, तेही आकाशवाणीच्या छत्राखाली. त्या आरंभीच्या दिवसांत दिल्ली केंद्रावर पु. ल. देशपांडे होते, प्रशिक्षणासाठी ते बीबीसीत राहून आले होते, आणि पंडित नेहरूंची चित्रवाणीवरची मुलाखत घेण्याचा मान त्यांच्याकडे जातो. ब्रिटिश वळणाच्या बऱ्याच गोष्टी इकडे जशाच्या तशा आल्या. संचासाठी परवाना काढावा लागे आणि त्याचे पैसे पोस्टात भरावे लागत. कार्यक्रमांची मोट बांधायला पडद्यावर निवेदिका असे. मुलांचा वेळ, शेतकऱ्यांचा वेळ, मोठ्यांचा वेळ अशी संध्याकाळची वाटणीही आली. आली नाही ती स्वायत्तता. बीबीसी सनदेवर चालणारी संस्था होती, तर दूरदर्शन हे सरकारी खातेच राहिले. स्वायत्त संस्थेची शिफारस चंदा समितीने १९६६ मध्ये आणि वर्गीज समितीने १९७८ मध्ये केली. प्रसार भारती प्रत्यक्षात आली ती १९९७ मध्ये. मधल्या काळातल्या बातम्या वाचताना-ऐकताना, विशेषतः आणीबाणीतल्या, हा फरक डोळ्यांआड करून चालत नाही. आणखी एका बाबतीत दूरदर्शनने बीबीसीची वाट सोडली: १ जानेवारी १९७६ पासून पडद्यावर जाहिराती आल्या.

मुंबई केंद्राची बांधणी पी. व्ही. कृष्णमूर्ती यांच्या देखरेखीखाली झाली. पुढे तेच दूरदर्शनचे पहिले महासंचालक झाले. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाल्यावर ती फिरणारी खूण आणि शहनाईची धून आली. संध्याकाळी संच लावला की आधी ती ऐकू येई. धून कानी पडताच अंगणातली पोरे ओटीवर येऊन बसत.

पहिला भाग बहुधा मुलांचा किंवा शेतीचा. ‘किलबिल’ मुलांसाठी, ‘आमची माती, आमची माणसं’ शेतकऱ्यांसाठी, ‘कामगार विश्व’ गिरणी-कारखान्यांतल्या माणसांसाठी. मुंबईच्या गुजराती वस्तीसाठी ‘संताकुकडी’ आणि ‘आवो मारी साथे’ होते, तर इंग्रजीत शब्दांचा खेळ रंगवणारा साबिरा मर्चंट यांचा कार्यक्रम. साडेसातला मराठी बातम्या. त्या वाचणाऱ्यांत स्मिता पाटील, भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे अशी नावे होती. यातल्या दोघी अभिनयासाठी अजरामर झाल्या. तरी कित्येक घरांत त्यांची पहिली ओळख बातम्या देणाऱ्या मुली म्हणूनच झाली होती.

बातम्यांनंतरचा तास हे केंद्राचे खरे वैभव. ‘गजरा’मध्ये रंगभूमीवरचे ताज्या दमाचे नट-नट्या प्रहसने सादर करत. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’त लेखक-कवी समोर बसून बोलत, ज्यांची पुस्तके वाचली त्यांचा चेहरा आणि आवाज लोकांना इथे भेटला. आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ने तर नुसते पाहणे पुरेसे मानले नाही; त्याच्या प्रेक्षकांची मंडळे ठिकठिकाणी निघाली आणि ती स्थानिक कामाला लागली. चि. वि. जोशींच्या कथांवरून केलेल्या मालिकेत दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ आले, तेव्हा छापील विनोद पडद्यावर उतरू शकतो याची खातरी पटली. खर्च बेताचा, नेपथ्य साधे, कॅमेरे मोजके. पण नाटकाच्या तालमीत तयार झालेली माणसे हाताशी असल्यामुळे उणेपण जाणवत नसे. मुंबई केंद्र दिल्लीपेक्षा सरस ठरले ते बहुतांशी मराठी रंगभूमीच्या जिवावर, असे म्हणायला हरकत नाही.

लोकांची झुंबड उडे ती मात्र सिनेमाला. गुरुवारी ‘छायागीत’, शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’मध्ये तबस्सुम नट-नट्यांना बोलते करत. पुढच्या आठवड्यात काय-काय आहे ते ‘साप्ताहिकी’त सांगितले जाई आणि ते कान देऊन ऐकले जाई, सिनेमाचे नाव निसटले तर दुसऱ्या दिवशी शेजारी विचारायची वेळ यायची. मध्येच प्रक्षेपण तुटले की दिलगिरीची पाटी झळके. ती कधी हटेल याचा भरवसा नसे, म्हणून कोणी जागचे हलत नसे.

या संध्याकाळी महाड आणि पोलादपूर कुठे होते? सरकारदरबारी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. रायगड हे नाव १९८१ मध्ये आले. वरळीच्या मनोऱ्यापासून महाड सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. चित्रवाणीच्या लहरी प्रकाशासारख्या सरळ जातात आणि डोंगरामागे त्यांची सावली पडते. तीनशे मीटर उंचीच्या मनोऱ्याचे क्षितिज सत्तर किलोमीटरवर संपते. त्यापुढे योगायोगाने काही मिळाले तर मिळाले. त्यामुळे पनवेल-पेणकडच्या घरांना जे सहज दिसे ते माणगावच्या खाली उतरेपर्यंत विरून जाई.

दुसरी आशा पुण्याकडची होती. १९७३ मध्ये सिंहगडावर पुनःक्षेपण केंद्र सुरू झाले आणि मुंबईचा कार्यक्रम घाटावर दिसू लागला. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच, आणि महाडहून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आतच. नकाशावर पाहिले तर महाडला चित्र मिळायलाच हवे होते. पण मध्ये तोरणा-राजगडाची रांग उभी आहे, आणि ती ओलांडली तरी सह्याद्रीची मुख्य धार येते, तिच्या पायथ्याशी हजारभर मीटर खाली सावित्री, गांधारी आणि काळ यांची खोरी. महाड शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर वसलेले. सिंहगडाच्या लहरी डोक्यावरून निघून जात. पोलादपूरची गत आणखी अवघड: पूर्वेला आंबेनळी घाट आणि प्रतापगडाचा डोंगर, दक्षिणेला कशेडी, आणि गावे एकेका ओढ्याच्या बेचक्यात. शिवकाळात ज्या डोंगरांच्या आडोशाने या मुलखाचे रक्षण केले, त्याच डोंगरांनी इथे चित्रवाणीची वाट अडवली.

आवाजाचे तसे नव्हते. रेडिओच्या मध्यम लहरी जमिनीला धरून वळत-वाकत जातात, म्हणून आकाशवाणी मुंबई या खोऱ्यांत आधीपासून येत होती. मुंबईचे रेडिओ केंद्र जुलै १९२७ मध्ये सुरू झाले; त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. साठच्या दशकात ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि वीज न पोचलेल्या वाडीतही बातम्या, शेतीचे सल्ले, नाट्यगीते पोचली. म्हणजे ब्रिटनमध्ये ज्या काळात चित्रवाणी घराघरांत शिरत होती, त्या काळात महाड-पोलादपूरचा ‘प्रसारणाचा दिवस’ हा पूर्णपणे रेडिओचा दिवस होता, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे तो तसाच राहिला.

तरीही इथल्या माणसांनी मुंबई दूरदर्शन पाहिले नाही असे नाही. त्यांनी ते मुंबईतच पाहिले. या दोन्ही तालुक्यांतून पिढ्यान्‌पिढ्या पुरुष माणसे गिरण्यांत, गोदीत, दुकानांत कामाला गेलेली. लालबाग-परळच्या चाळींत गावकीची खोली असे. पाळीवरून आलेला चाकरमानी चाळीत ज्याच्याकडे संच असेल त्याच्या दाराशी उभा राहून ‘छायागीत’ पाही. मे महिन्यात, शिमग्याला, गणपतीला तो गावी आला की त्याच्यासोबत चिमणरावच्या गोष्टी येत. गावात चित्र यायच्या आधी चित्राचे वर्णन आले. ज्यांच्यासाठी ‘कामगार विश्व’ काढले होते त्यांच्यातली कितीतरी बायकामुले ‘आमची माती, आमची माणसं’ ज्यांच्यासाठी होते त्यांच्यात मोडत, आणि ती डोंगराआड होती. एकाच कुटुंबाचे असे दोन प्रेक्षकवर्ग केंद्राच्या आखणीत धरलेले होते, पण प्रक्षेपण पोचत होते त्यातल्या एकालाच.

१९८२ हे वर्ष निर्णायक ठरले. १५ ऑगस्टला राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे उभारण्याची धांदल उडाली. शंभर वॉटच्या अशा केंद्राचा आवाका दहा-पंधरा किलोमीटरचा. सपाट मुलखात तेवढ्यात तालुका मावतो. पोलादपूरसारख्या ठिकाणी एक डोंगरसोंड आडवी आली की त्यापलीकडची वाडी पुन्हा अंधारात. तिथे उंच बांबू, बूस्टर आणि चिकाटी हेच उपाय होते.

यात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ही छोटी केंद्रे उपग्रहावरून येणारा दिल्लीचा कार्यक्रम उचलत. मुंबईचा मराठी कार्यक्रम त्यांच्यापर्यंत न्यायचा तर वेगळी जोडणी लागे, आणि ती सर्वत्र एकदम मिळाली नाही. परिणाम असा झाला की महाराष्ट्रातल्या अनेक आडबाजूच्या गावांनी आधी ‘हम लोग’ पाहिले, मराठी बातम्या मागाहून. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाची संध्याकाळ मराठीतून हिंदीकडे सरकत गेली. डोंगराआडच्या प्रेक्षकाची सुरुवातच रात्री ८.४० च्या हिंदी बातम्यांनी झाली. मुंबई केंद्राच्या सुवर्णकाळाबद्दल जे हळवे लेखन होते, ते पहिल्या प्रेक्षकाचे असते. दुसऱ्याला तो काळ ऐकूनच ठाऊक.

वाडीतला पहिला संच बहुधा मुंबईच्या पैशाने आलेला असे. लाकडी कपाटाचा, पुढे सरकते दार, दाराला कुलूप. खाली स्टॅबिलायझर, वर विणलेला रुमाल. कौलांवर ॲल्युमिनियमची अँटेना लोखंडी नळीला बांधलेली. संध्याकाळी एक जण वर चढून नळी फिरवी, एक अंगणात, एक संचासमोर. “आलं का?” “मुंग्या आहेत!” “आता?” “चेहरा दिसतोय, आवाज गेला!” चित्र जमले की नळीला दगडाचा टेकू द्यायचा आणि वाऱ्याने ती हलू नये म्हणून देवाला हात जोडायचे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या मुलखात जून ते सप्टेंबर हा टेकू टिकत नसे, आणि विजेच्या ताराही टिकत नसत. विजेच्या बाबतीत या जिल्ह्याचे दैव जरा विचित्रच: माणगाव तालुक्यातल्या भिऱ्याचे जलविद्युत केंद्र १९२७ पासून मुंबईला वीज देत आले, पण शेजारच्या तालुक्यांतल्या वाड्यांना ती मिळायला कित्येक दशके गेली.

ओटीवर कोण बसे हेही पाहण्यासारखे. पुढे पोरे, मागे पुरुष, माजघराच्या दाराशी बायका. पण ओटी खासगी, आणि ओटीचे नियम घरमालकाचे. कोणाला आत बोलवायचे, कोणी अंगणातूनच पाहायचे, याला जातीचा आणि भावकीतल्या भांडणांचा पदर होताच. सामुदायिक संच शाळेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवण्याची कल्पना यासाठीच चांगली होती. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत झालेल्या ‘साइट’ प्रयोगात संच सार्वजनिक जागीच ठेवले होते. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. चवदार तळ्याच्या तालुक्यात सार्वजनिक जागेचा प्रश्न किरकोळ मानता येत नाही, आणि ‘सार्वजनिक चित्रवाणी’ हा शब्दप्रयोग करताना संच कोणाच्या घरात होता हे विचारलेच पाहिजे.

२५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात रविवारची सकाळ ‘रामायण’ने व्यापली, आणि २ ऑक्टोबर १९८८ पासून ‘महाभारत’ने. दूरदर्शनचा दिवस आता सकाळी उजाडू लागला होता. या मालिकांसाठी संचांची जेवढी खरेदी झाली तेवढी आधीच्या कुठल्याच कारणाने झाली नसेल. गणेशोत्सवात आणि सत्यनारायणाच्या पूजेला भाड्याचा संच आणि व्हिडिओ आणून रात्रभर तीन सिनेमे दाखवण्याची पद्धतही याच सुमारास रुजली. तिला केंद्र लागत नव्हते, डोंगराची अडचण नव्हती, जनरेटर असला की भागे. सरकारी संध्याकाळीला पहिला खरा प्रतिस्पर्धी हाच.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो, कारण तो सगळीकडे सारखाच घडला. १९९२ मध्ये झी सुरू झाले. शहरांत केबल आली आणि हळूहळू महाडसारख्या गावांतही पोचली. मराठी प्रादेशिक वाहिनीला २००० मध्ये ‘सह्याद्री’ नाव मिळाले. ज्या डोंगराने चित्र अडवले त्याचेच नाव चित्राला दिले गेले, आणि तोवर ते उपग्रहावरून येत असल्यामुळे डोंगराची हरकत उरली नव्हती. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची विनामूल्य डिश सेवा आली आणि कौलांवर नळीच्या जागी छोटी तबकडी बसली. आकाशाचा योग्य तुकडा उघडा असला की पोलादपूरच्या शेवटच्या कोंडावरही तेच चित्र, तितकेच स्वच्छ. जमिनीवरची लघुशक्ती केंद्रे मग टप्प्याटप्प्याने बंद करण्यात आली.

अशा संध्याकाळीचा अभ्यास करणाऱ्यापुढे साधनांची अडचण आहे. बीबीसीच्या दिवसाचा तपशील ‘रेडिओ टाइम्स’च्या अंकांत मिनिटामिनिटाने छापलेला आहे, जरी त्या काळातले बहुतेक थेट कार्यक्रम नोंदवलेच गेले नाहीत आणि नंतरच्याही कित्येक फिती पुसल्या गेल्या. मुंबईच्या बाबतीत दैनिकांतल्या त्रोटक सूची, काही जतन झालेल्या ध्वनिचित्रफिती आणि निर्माते-कलावंतांच्या आठवणी हाती लागतात. त्या केंद्राच्या बाजूने बोलतात. डोंगराआडच्या बाजूसाठी वेगळी कागदपत्रे शोधावी लागतील: पोस्टातल्या परवान्यांच्या नोंदी, वीज मंडळाच्या विद्युतीकरणाच्या याद्या, ग्रामपंचायतींची इतिवृत्ते, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या, ज्यांत गणपतीतल्या व्हिडिओचे भाडे लिहिलेले सापडते. २००५ आणि २०२१ च्या पुरांत सावित्रीकाठच्या घरांतले आणि दुकानांतले पुष्कळ कागद भिजून गेले. त्यामुळे सत्तर-ऐंशीच्या दशकांत तरुण असलेल्या माणसांच्या मुलाखती हे काम आधी हाती घ्यावे लागेल, आणि त्या मुलाखती मुंबईतल्या खोलीवर आणि गावच्या ओटीवर अशा दोन्ही ठिकाणी घ्याव्या लागतील.